‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ देऊन टाका म्हणणाऱ्यांना

आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरवरचं वेब ॲप नेटवर्क शेअरवरची फाइल वाचत नसेल, ‘ॲक्सेस डिनाइड’ येत असेल, तर काय करायचं याचा एक सल्ला सगळीकडे फिरतोय: फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सगळ्यांना, फुल कंट्रोल द्या, नाहीतर शेअरला झेडसारखं अक्षर देऊन ड्राइव्ह मॅप करा, तेही नाही जमलं तर ॲप पूल (आयआयएसमध्ये ॲप ज्यात चालतं ती प्रोसेस, तिला स्वतःचं खातं असतं) डोमेन ॲडमिनच्या, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या विंडोज नेटवर्कवर हक्क असलेल्या खात्याच्या, नावाने चालवा. कृपया यातलं काहीही करू नका.

पहिलं एव्हरीवन. डोमेनमध्ये त्याने बऱ्याचदा काम होतं हे मान्य, म्हणूनच तर हा सल्ला पसरतो. पण ॲपला फाइल फक्त वाचायची होती, आणि तुम्ही अख्ख्या ऑफिसला ती डिलीट करायचा हक्क देऊन बसलात, म्हणजे कुणाच्याही एका पीसीत रॅन्समवेअर शिरलं की शेअरवरचं सगळं लॉक. खरं कारण वेगळंच असतं. ॲप पूल मुळात ज्याने चालतो ते ॲप्लिकेशनपूलआयडेंटिटी हे खातं त्या वेब सर्व्हरपुरतंच आहे, फाइल सर्व्हर त्याला ओळखतच नाही, तिथे ॲप जातं ते मशीनच्या खात्याने, म्हणजे शेवटी डॉलरचं चिन्ह असलेलं ‘डोमेन\वेबसर्व्हर$’. त्या खात्याला रीड द्या, आणि दोन्हीकडे द्या, शेअर परमिशनमध्येपण आणि एनटीएफएसमध्येपण (म्हणजे डिस्कवरच्या फोल्डरच्या परमिशनमध्ये), कारण दोन्हींत जे कमी असेल तेच लागू होतं. नाव शोधताना सापडत नाही म्हणून लोक इथेच सोडून देतात, तर आधी ‘ऑब्जेक्ट टाइप्स’मध्ये जाऊन ‘कॉम्प्युटर्स’वर टिक करा, ती आपोआप नसते. मशीनला ग्रुपमध्ये टाकून ग्रुपला हक्क दिले असतील तर वेब सर्व्हर एकदा रीस्टार्ट करा.

आणि ॲप विंडोज लॉगिन घेऊन युझरच्या नावाने फाइल उघडत असेल तर एव्हरीवनपण कामाला येत नाही! डेलिगेशन, म्हणजे युझरची ओळख पुढच्या सर्व्हरकडे नेण्याची परवानगी, नसेल तर ती ओळख वेब सर्व्हरच्या पुढे जात नाही, फाइल सर्व्हरला अनोळखी माणूस दिसतो, आणि एव्हरीवनमध्ये अनोळखी धरला जात नाही. तिथे कर्बेरॉस (विंडोज डोमेनची ओळख तपासायची पद्धत) डेलिगेशनच सेट करावं लागतं.

मॅप ड्राइव्हचं थोडक्यात: तो लॉगिन सेशनपुरता असतो, तुम्हाला झेड दिसतो म्हणून ॲप पूलला दिसत नाही. सरळ ‘\\सर्व्हर\शेअर’ असा पाथ लिहा.

आता डोमेन ॲडमिन, हे सगळ्यात वाईट. ॲपमध्ये फाइल अपलोडची एक चूक निघाली की हल्लेखोराच्या हातात अख्खं डोमेन. शिवाय ॲप पूलचा पासवर्ड कॉन्फिगमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवलेला असला तरी त्या सर्व्हरचा लोकल ॲडमिन तो आयआयएसच्या ॲपसीएमडी या कमांडने सरळ वाचू शकतो. एकाच सर्व्हरवर अनेक ॲप्स असतील आणि सगळ्यांना तोच शेअर दिसायला नको असेल (मशीनच्या खात्याचा तो तोटा आहेच), तर जीएमएसए (ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट, ज्याचा पासवर्ड डोमेनच सांभाळतं असं खातं) वापरा, विंडोज सर्व्हर 2012 पासून आहे, पासवर्ड दर 30 दिवसांनी आपोआप बदलतो. ॲप पूलमध्ये नाव टाकताना शेवटी डॉलर लावायचा आणि पासवर्डची जागा रिकामी सोडायची.