फुनमिलायो रॅन्सम-कुटी: मोटारीच्या पलीकडचं

नायजेरियात मोटार चालवणारी पहिली बाई, गायक फेला कुटीची आई, विलायतेत शिकून आली आणि बाजारातल्या अडाणी बायकांना हक्क शिकवून तिने राजाला कायमचं घालवलं. बोलान्ले ऑस्टेन-पीटर्स यांचा फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांच्यावरचा चित्रपट २०२४ मध्ये लागला, तेव्हापासून ही ओळख जरा जास्तच फिरतेय. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धवट आहे.

मोटारीचं आधी उरकू. १९३०च्या दशकात रॅन्सम-कुटी दांपत्याने इंग्लंडहून जुनी गाडी मागवली आणि अबेओकुटा शहरात गाडी चालवणारी पहिली स्त्री फुनमिलायो ठरल्या. पुढे सांगता सांगता शहराचा देश झाला. देशाचा दावा करायचा तर लागोसचा, म्हणजे तेव्हाच्या राजधानीचाही हिशेब द्यायला हवा. तो कोणी देत नाही.

हक्कांची जाणीव विलायतेतून आली, हे त्यांना स्वतःलाच पटलं नसतं. १९१९ ते १९२२ त्या इंग्लंडात शिकल्या, पण परतल्यावर ख्रिस्ती नावं टाकून फुनमिलायो एवढंच ठेवलं. १९४७ मध्ये नायजेरियन शिष्टमंडळातली एकमेव स्त्री म्हणून त्या लंडनला गेल्या. तिथल्या 'डेली वर्कर' या वर्तमानपत्रात त्यांनी लिहिलं ते उलटंच: बायकांचं जे स्थान होतं, ते इंग्रजी अमलात गेलं. अबेओकुटासारख्या योरुबा लोकांच्या शहरांत इयालोडे हे बायकांच्या प्रमुखाचं पद होतं. अबेओकुटात ते १८६४ मध्ये मादाम तिनुबू या व्यापारी बाईंना मिळालं होतं.

आता 'अडाणी बायकांना शिकवलं'. अक्षरं शिकवली, हे खरं. पण १९३२चा त्यांचा लेडीज क्लब म्हणजे शिकलेल्या घरच्या बायकांचं मंडळ; शिवणकाम, खानपान, शिष्टाचार. त्याला लढाऊ केलं ते बाजारातल्या बायकांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अधिकारी त्यांचा तांदूळ जप्त करत. ही तक्रार घेऊन त्या आल्या, क्लबने ती वर्तमानपत्रात नेली आणि जप्ती थांबली. १९४६ मध्ये नावातल्या 'लेडीज' गेल्या, महिला संघ झाला.

खरी ठिणगी कराची. मुलग्यांना सोळाव्या वर्षी कर, मुलींना पंधराव्या. बायकोला नवऱ्यापासून वेगळा, कमाई असो-नसो. वय ठरवायला वसुलीवाले मुलींचे कपडे उतरवून अंग बघत. १९४७ च्या अखेरीस हजारो बायका अलाकेच्या, म्हणजे इंग्रजांच्या वतीने कर वसूल करणाऱ्या अबेओकुटाच्या राजाच्या वाड्यासमोर ठाण मांडून बसल्या. मोर्चाला परवानगी मिळेना, तर त्यांनी मोर्चाला सहल म्हणायला सुरुवात केली! अश्रुधुराची नळकांडी आली तर उचलून परत कशी फेकायची, याची तालीम फुनमिलायो स्वतः घेत. चित्रपट पाहताना नजर या गर्दीवर ठेवा, एकट्या नायिकेवर नको.

फेलाची आई? आहेतच. १९७७ मध्ये सैनिकांनी फेलाच्या घरावर धाड घालून त्यांना खिडकीतून फेकलं, पुढच्या वर्षी त्या गेल्या. पण करबंदीच्या वेळी फेला नऊ वर्षांचा होता. मुलाच्या नावाने आईला ओळखायची सवय आपल्याकडेही कमी नाही म्हणा.

आणि राजा? १९४९ च्या जानेवारीत तो गादी सोडून गेला हे खरं, कायमचा मात्र नाही. १९५० मध्ये परत आला. तोवर फुनमिलायोंचा संघ अबेओकुटापुरता राहिला नव्हता. १९४९ मध्येच त्याचा नायजेरियाभरचा महिला संघ झाला होता.