मुलाखतीआधीचं बालपण

अभिनेता-दिग्दर्शक व्हायचं ठरवलंत ना? मग आधी बालपणाच्या तयारीला लागा. तुमचं होऊन गेलं असेल तरी काळजी नको. बालपण हे पहिल्या मुलाखतीच्या आदल्या रात्री नीट बसून करायचं असतं.

त्यात शाळेचं स्नेहसंमेलन हवंच. राजाचं काम केलं होतं असं सांगू नका, त्यात दम नाही. झाड सांगा. अंगाला गोणपाट, डोक्यावर क्रेप पेपरची पानं, डिंक वाळून ओढलेलं कपाळ, आणि पाऊण तास हात वर. 'तेव्हाच मला स्तब्धता कळली,' हे वाक्य पाठ करून ठेवा. वडिलांचा विरोध होता, हेही घाला. वडील बिचारे तालमीला स्कूटरवरून सोडायला यायचे आणि ती संपेपर्यंत बाहेर कट्ट्यावर पेपर वाचत बसायचे, पण असले वडील मुलाखतीत चालत नाहीत. त्यांना आधी कल्पना देऊन ठेवा म्हणजे झालं.

खरोखरीचे बालकलाकार असाल, तर परंपरा मोठी आहे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये दादासाहेब फाळक्यांनी रोहिदास म्हणून स्वतःच्या मुलालाच, भालचंद्रला, उभं केलं होतं. (घराणेशाहीवर पोस्ट टाकण्याआधी हे आठवा.) आता मात्र नियम आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. उरलेल्या ८० टक्क्यांबाबत सरकारने आईबाबांच्या मायेवर भरवसा ठेवला आहे.

पुढे कॉलेज. शक्यतो पुण्यातलं. शाखा कुठलीही घ्या, वर्गात बसणार कोण? १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा चालू आहे, तुमची खरी हजेरी तिथे लागते. पहिल्या वर्षी भूमिका मिळत नाही, लेव्हल्स उचलायला मिळतात. मीही दोन वर्षं उचलल्या. लेव्हल म्हणजे दिग्दर्शकाच्या भाषेत 'अवकाशाची विभागणी', आणि उचलणाऱ्याच्या भाषेत नखात कुसळ घालणारं लाकडी खोकं. ब्लॅकआउटमध्ये धावत जाऊन ते खुणेवर टेकवायचं. खूण म्हणजे चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा, आणि त्यावर बहुतेक वेळा नायिका उभी असते. असो.

भरत नाट्य मंदिरात पडदा उघडण्याआधी 'अरे आव्वाज कुणाचा' असं घसा बसेपर्यंत ओरडा. तोच घसा संवादांना लागणार असतो, पण कॉलेजच्या इज्जतीपुढे संवाद ते काय! हरलात तर परीक्षकांना रंगभूमी कळत नाही. २०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नव्हता. त्या वर्षीचे असाल तर तुमची चांदी आहे. 'आम्ही कुणाकडूनही हरलो नाही' असं छातीठोक सांगा, आणि ते खोटंही नाही.

मग मुंबई. वर्सोव्याला ऑडिशन देणाऱ्यांचं आराम नगर आहे, नावावर जाऊ नका. एका खोलीत पांढऱ्या भिंतीपुढे उभं राहून नाव, वय, उंची सांगायची, डावा गाल, उजवा गाल, हात पालथे, हात उलथे. आंबे घेताना माणूस एवढं बघत नाही. मग बापाच्या चितेपुढचा संवाद म्हणायचा. समोरचा मुलगा तुमच्या भावाची वाक्यं मोबाइलवरून सपाट वाचत असतो, आणि मध्येच त्याला फोन येतो. शेवटी 'कळवतो'. या एका शब्दावर माणूस सहा महिने जगू शकतो, हा माझा अनुभव. मिळालंच तर हवालदाराचं काम मिळेल: 'साहेब, बॉडी सापडली.' पैसे नव्वद दिवसांनी. माझे एका मालिकेचे नव्वद दिवस चौथ्या वर्षात आहेत.

फाळक्यांच्या वेळी हे सोपं होतं. तारामती व्हायला कुणी बाई तयार होईना, तेव्हा त्यांनी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके उचलले. १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम तेच आणि सीताही तेच. लहानपणी तुम्ही झाड होता का, असं त्यांना कुणी विचारलं नाही.

काम मिळेनासं झालं की दिग्दर्शक व्हा. पैशाचं म्हणाल तर तोही रस्ता फाळक्यांनीच आखून ठेवला आहे. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि वर कच्च्या फिल्मच्या कडेला भोकंही पाडली. तुमचं अजून लग्न झालेलं नाही. तेव्हा आईला विचारा.

शॉर्टफिल्मला विषय एकाकी म्हातारा घ्या. म्हातारा स्वस्त पडतो. आजोबा घरातच असतात. एकाकीपणाचं मात्र अवघड आहे. शेवटी रूम टोन घ्यायचा असतो, म्हणजे रिकाम्या खोलीची शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करायची. पंखा बंद, फ्रिज बंद, सगळे श्वास रोखून. विसाव्या सेकंदाला कुकरची शिट्टी. पुन्हा. आजोबा खोकले. पुन्हा. तेवढ्यात आईचा आवाज, 'फ्रिज कुणी बंद केला? दूध नासलं की!' घरातल्या सात माणसांना बाहेर काढून मिळवलेला हा एकाकीपणा मग फी भरून महोत्सवांना पाठवायचा. निवड झाल्याची दोन पानांची ती वेलबुट्टी पोस्टरवर आली की झालं. पोस्टरवर अशी सहा पानं जमली तर फिल्म कुणी बघितली नाही तरी चालतं.

आणि एक दिवस खरंच पुरस्कार मिळतो. कसा, ते तुम्हालाही कळत नाही. घरी मुलाखत घ्यायला मुलगी येते, कॅमेरा लागतो, फ्रिज बंद होतो. तुम्ही सावकाश सुरू करता: गोणपाट, डिंक, पाऊण तास वर धरलेले हात, स्तब्धता. मुलीचे डोळे पाणावायच्या बेतात आलेले असतात.

'झाड?' चहाचा ट्रे घेऊन आई दारात उभी. 'अरे, तुला गोवर आला होता तेव्हा. झाड शेजारचा बंट्या झाला होता.'