घटनेला हात न लावता राज्य चालवण्याची रीत

निवडून आलात, अभिनंदन. हार उतरवा, गुलाल झटका आणि दार लावून घ्या, म्हणजे कामाचं बोलता येईल. पहिल्याच आठवड्यात उत्साही कार्यकर्ते तुमच्या कानाशी लागतील: बहुमत आहे, साहेब, घटनाच बदलून टाकू. त्यांना चहा पाजून घरी पाठवा. घटनादुरुस्ती हा हौशी लोकांचा उद्योग आहे. कलम ३६८ प्रमाणे दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत हवं, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांतले दोन तृतीयांश हवेत, आणि राज्यांच्या अधिकारांचा विषय असेल तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही हवी. एवढा घाम गाळून झाल्यावर वाटेत केशवानंद भारती खटला उभा असतो. २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा: मूलभूत चौकटीला धक्का लागला तर दुरुस्तीच बाद.

इंदिरा गांधींनी सरळ मार्ग धरला. २५ जून १९७५ ला आणीबाणी जाहीर केली, १९७६ साली ५९ कलमांची बेचाळिसावी दुरुस्ती आणली आणि मार्च १९७७ मध्ये घरी गेल्या. जाहीर केलं, इथेच फसलं. जे जाहीर होतं त्याला तारीख चिकटते आणि मग दरवर्षी २५ जूनला लोक भाषणं करतात. तुमच्या कारभाराला अशी तारीख चिकटू देऊ नका. घटना आहे तशी राहू द्या, सव्वीस नोव्हेंबरला तिच्या उद्देशिकेचं सामूहिक वाचन करा, खणखणीत आवाजात करा. तुम्हाला हवं ते सगळं तिच्यातल्या मुदतींमध्ये आहे. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तुम्हाला ते फक्त मोठ्या प्रमाणावर करायचं आहे.

सुरुवात राजभवनापासून करा. राज्यात विरोधकांचं सरकार असेल तर कलम २०० फार उपयोगी पडतं. विधेयक आलं की राज्यपालांनी सही करावी, फेरविचारासाठी परत पाठवावं किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवावं. चौथा मार्ग घटनेत लिहिलेला नाही, पण चांगला रुळला आहे: विधेयक टेबलावर ठेवून द्यावं. तामिळनाडूत काही विधेयकं २०२० पासून अशी मुरत होती. ८ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी अशा दहा विधेयकांना संमती मिळाल्याचंच धरलं आणि राज्यपालांना एक महिना, तीन महिने अशा मुदती आखून दिल्या. घाबरू नका. राष्ट्रपतींनी चौदा प्रश्न न्यायालयाकडे धाडले आणि २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायाधीशांनी मत दिलं की अशा मुदती घालता येत नाहीत आणि संमती गृहीतही धरता येत नाही. फक्त फार लांबलेली, कारण न दिलेली निष्क्रियता असेल तर न्यायालय मर्यादित दखल घेऊ शकतं. म्हणजे तुमच्याकडून एवढंच अपेक्षित आहे की फाइलवर काहीतरी कारण असावं. एक खुलासा मागवा. उत्तर आलं की त्या उत्तरावर खुलासा मागवा.

या कलेचा वस्तुपाठ पाहायचा असेल तर लांब जायला नको. नोव्हेंबर २०२० मध्ये महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने विधान परिषदेवर नियुक्त करायच्या बारा जणांची यादी राज्यपालांकडे पाठवली. राज्यपाल हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. हे ‘नाहीही’ नीट लक्षात घ्या, सगळी मेख त्यातच आहे. नाही म्हटलं की त्याला कारण द्यावं लागतं आणि कारणाला आव्हान देता येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं की राज्यपालांना आदेश देता येत नाही, पण वाजवी वेळेत निर्णय घेणं हे त्यांचं कर्तव्य आहे आणि आठ महिने पुरेसे वाटतात. त्यावरही यादी हलली नाही. २०२२ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारने यादी मागे घेतली. शेवटी १५ ऑक्टोबर २०२४ ला नव्या यादीतल्या सात जणांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी दुपारी विधानसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला.

आता कुणी म्हणेल, राजभवनाची गतीच तशी असते. अजिबात नाही. २३ नोव्हेंबर २०१९ ला महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली आणि आठच्या सुमाराला मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री शपथ घेऊन मोकळे झाले. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकही लागली नाही. भारत सरकारच्या कार्यनियमावलीतला नियम १२ असा आहे की पंतप्रधान मंत्रिमंडळाला वळसा घालून निर्णय घेऊ शकतात, मंजुरी मागाहून. तेव्हा दोन्ही वेग हाताशी ठेवा. कुठला कधी वापरायचा हे कळणं म्हणजेच प्रशासकीय अनुभव.

विधानसभा अध्यक्षांची खुर्ची हे दुसरं साधन. दहाव्या अनुसूचीत पक्षांतर केलेल्या आमदाराच्या अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी द्यायचा आहे, कधी द्यायचा ते लिहिलेलं नाही. शिवसेनेतल्या जून २०२२ च्या फुटीवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ मे २०२३ ला आला. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता, म्हणून त्यांना पुन्हा बसवता येत नाही, असंही म्हटलं आहे. यातून घ्यायचा धडा: समोरच्याला राजीनाम्याची घाई करू द्या, तुमची चूक त्याच्या सहीने नियमित होते. अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ ला आला, दोन्ही गटांतला कुणीही अपात्र ठरला नाही. त्याला दिलेलं आव्हान न्यायालयात राहिलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी विधानसभा निवडून आली.

इथपर्यंत सोपं होतं, कारण मुदतच नव्हती. घटनेने मुदत ठणकावून लिहिली असेल तर? कलम २४३-यू म्हणतं की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. इतकं स्वच्छ वाक्य घटनेत क्वचितच सापडेल. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली. मधली जवळजवळ चार वर्षं कशी काढायची, याची कृती जपून ठेवण्यासारखी आहे. ओबीसी आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये तीन अटी घातल्या, त्यांच्या पूर्ततेसाठी माहिती गोळा करायला सावकाश लागा. मग प्रभागांची संख्या बदला, २२७ ची २३६ करा. पुढचं सरकार आलं की त्याला २३६ ची पुन्हा २२७ करू द्या. कुणीतरी न्यायालयात जाईलच. त्यानंतर विचारायला आलेल्या प्रत्येकाला हात जोडून सांगा: प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. हे श्रेय एकट्या पक्षाने लाटू नये, आघाडी आणि युती दोघांचाही यात मनापासून सहभाग आहे.

या काळात २२७ नगरसेवकांचं काम प्रशासक करतात आणि प्रशासक म्हणजे खुद्द आयुक्त. अतिरिक्त आयुक्तांनी आयुक्तांना अर्थसंकल्प सादर करायचा, आयुक्तांनी प्रशासक म्हणून तो मंजूर करायचा. २०२५-२६ चा आकडा होता ७४,४२७ कोटी रुपये. एकही सदस्य सभात्याग करत नाही, राजदंड कुणी पळवत नाही, सभा वेळेवर संपते. गल्लीतलं गटार तुंबलं तर नगरसेवकाच्या दारात जाऊन बोंब मारायची सोय तेवढी राहत नाही, पण गटारं काय, तुंबतच असतात.

पैशाचं थोडक्यात. राज्यांना केंद्रीय करांतला ४१ टक्के वाटा द्यावा लागतो, हे खरं आहे. पण उपकर आणि अधिभार त्या वाटपात येत नाहीत, म्हणून कराला ‘उपकर’ म्हणायला शिका. मे २०२२ च्या कपातीनंतर पेट्रोलवर केंद्राचं शुल्क लिटरला १९ रुपये ९० पैसे होतं. त्यातलं वाटपात जाणारं मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ४० पैसे. त्याचे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे, सगळ्या राज्यांना मिळून. पंधराव्या वित्त आयोगाने महाराष्ट्राला दिलेला हिस्सा ६.३१७ टक्के, म्हणजे लिटरमागे साडेतीन पैशांच्या आसपास. बाकीचे रुपये ‘सहकारी संघराज्य’ या विषयावरच्या परिसंवादांना उरतात.

आता नागरिक. नागरिकांचे मूलभूत अधिकार रद्द वगैरे करू नका, फार गाजावाजा होतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ घ्या. स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, टेंडर नोटिशीच्या वर, ‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू’ अशी चार इंचांची बातमी येते ती हीच. पोटकलम १ खाली शस्त्रं, सोटे, भाले, दंडे बाळगायला बंदी, दगड जमा करायला बंदी, प्रतिमा-पुतळ्यांचं प्रदर्शन करायला बंदी, जाहीर घोषणा द्यायला, गाणी म्हणायला, वाद्यं वाजवायला बंदी. शासन उलथवण्याकडे कल असलेली भाषणं, हावभाव आणि नकला यांनाही बंदी, म्हणजे भारुडातलं सोंगसुद्धा आलं. पोटकलम ३ खाली जमाव आणि मिरवणूक. आदेश पंधरा दिवसांचा, त्याहून जास्त चालवायला राज्य सरकारची परवानगी लागते. म्हणून परवानगीच्या फंदात न पडता पंधरा दिवसांनी नवा आदेश काढावा. कारणं पंचांगातच असतात: सण, जयंत्या, यात्रा, परीक्षा, आणि काहीच नसेल तर ‘विविध पक्ष व संघटनांच्या आंदोलनांची शक्यता’. लग्न आणि अंत्ययात्रा वगळायला विसरू नका.

नवख्यांची चूक इथे होते. आदेश निघाला म्हणून ते तो सगळ्यांवर बजावायला जातात आणि गणेश मंडळं अंगावर घेतात. आदेश लागू सर्वांना असावा, बजावावा निवडकांना. मंडळाचा ढोल वाजू द्या. शिक्षक पगारासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर बसले की त्याच अधिनियमाच्या कलम १३५ खाली गुन्हा नोंदवा. पारपत्र पडताळणीच्या वेळी तो गुन्हा पुन्हा वर येतो, हा वरकड फायदा.

गंभीर प्रकरणांसाठी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा आहे. आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते आणि आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले तर जामीन नाही, तेव्हा शिक्षा व्हायची वाट कशाला पाहायची? झारखंडमधल्या आदिवासींसाठी काम करणारे धर्मगुरू स्टॅन स्वामी ८३ वर्षांचे होते, पार्किन्सनमुळे पेला हातात धरवत नव्हता. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांनी न्यायालयात अर्ज केला: स्ट्रॉ आणि सिपर परत मिळावा. तपास यंत्रणेने उत्तर द्यायला वीस दिवस मागितले. वीस दिवसांनी उत्तर आलं की असल्या वस्तू आम्ही जप्त केलेल्याच नाहीत. ५ जुलै २०२१ ला जामिनाच्या सुनावणीतच न्यायालयाला कळवण्यात आलं की अर्जदार वारले. कुठलीही मुदत ओलांडली गेली नव्हती.

अध्यादेशांबाबत एकच खबरदारी. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत अध्यादेश मरतो, म्हणून मरायच्या आत तोच नव्याने काढावा लागतो. बिहारने १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश असे जगवले, काही तर चौदा वर्षांच्या घरात गेले. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी बसून ते सगळे मोजले आणि न्यायालयात नेले. डिसेंबर १९८६ मध्ये ही घटनेशी लबाडी आहे असा निकाल लागला, प्राध्यापकांना दहा हजार रुपये खर्च मिळाला. तीन वर्षांत बिहारने पुन्हा तेच सुरू केलं आणि तेच पुन्हा सांगायला २०१७ साली सात न्यायाधीश बसले. खबरदारी अशी की राजपत्रं मोजत बसणाऱ्या प्राध्यापकांचं अनुदान वेळेवर तपासत जा.

राहता राहिली भीती एकच: उद्या सत्ता गेली आणि नवे लोक सुधारणा करू लागले तर? त्यावर उतारा म्हणून चव्वेचाळीसावी घटनादुरुस्ती वाचा. आणीबाणीत तुरुंग भोगून आलेल्या मंडळींनी १९७८ साली ती केली. तिचं तिसरं कलम प्रतिबंधक स्थानबद्धतेबद्दल, म्हणजे गुन्हा घडायच्या आधीच माणसाला डांबण्याबद्दल आहे. सल्लागार मंडळाच्या मताविना माणसाला तीन महिने डांबता येतं, ते दोन महिन्यांवर आणायचं, आणि मंडळाच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायाधीश बसवायचे. संसदेने मंजूर केलं, राष्ट्रपतींनी सही केली. लागू करायची तारीख मात्र सरकारने अधिसूचना काढून ठरवायची होती. बाकीची कलमं १९७९ पर्यंत लागू झाली, या एका कलमाची अधिसूचना आजवर निघालेली नाही. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती काढा असा आदेश आम्ही देऊ शकत नाही. त्यानंतर काँग्रेस येऊन गेली, जनता दल येऊन गेलं, संयुक्त आघाडी, भाजप, पुन्हा काँग्रेस, पुन्हा भाजप. तेव्हा विरोधी बाकांवर बसायची वेळ आलीच तर या तारखेची मागणी जरूर लावून धरा, सभागृह दणाणून सोडा. निवडून आल्यावर ती देण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही, कारण तेव्हा मागणारे दुसरे असतील आणि त्यांनाही ती नकोच असेल.