ऐकतोय, तू बोल

समोरचा माणूस मनातलं बोलायला लागला की गांगरून जाऊ नका. माझ्या थोरल्या भावाने परवा इतकं सुरेख प्रात्यक्षिक दिलं, की चार गोष्टी लिहून ठेवल्याच पाहिजेत.

बसल्याबरोबर फोन हातात घ्या. बाजूला ठेवलात तर समोरच्याला उगाच आशा वाटते.

दर तीन वाक्यांनी एक 'हं' पुरतं. तो थांबलाच, तर 'ऐकतोय, तू बोल' म्हणा. वर बघायची गरज नाही.

व्हॉईस मेसेज दुप्पट वेगाने ऐका. व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्ये ती सोय करून दिलीच आहे. हुंदक्यांचा वेळही निम्मा होतो.

लेकरू 'बघ ना' म्हणालं, तर चेहरा कोरा ठेवा. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात आयांना हेच करायला सांगितलं होतं, फक्त दोन-तीन मिनिटं. बाळं आधी हसून, हात नाचवून बघतात, मग रडकुंडीला येतात, शेवटी तोंड फिरवतात. त्या आया निदान बाळाकडे बघत तरी होत्या!

आता दादाचं. आईला आठ दिवस रात्री धाप लागतेय, उशा लावून बसवावं लागतं, हे मी त्याला सांगत होतो. त्याच्या चष्म्याच्या काचांत चित्रं पळत होती. अंगठा वर, अंगठा वर. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, हृदय अशक्त झालंय," आणि दादा हसला. चक्क हसला! कुठल्याशा रीलमधलं मांजर कपाटावरून घसरलं होतं. ते त्याने मलाही दाखवलं. सांगायला लाज वाटते, मीही हसलो.

त्याच रात्री घरच्या ग्रुपवर त्याचा मेसेज: 'गेट वेल सून आई', जोडलेले हात, तीन लाल बदाम. आई शेजारच्या खोलीत जागी होती. तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, तिला तो मेसेज दिसणार कुठे? पण मेसेज तिच्यासाठी होताच कुठे म्हणा! सतरा जणांनी त्यावर अंगठे टेकवले. त्यातल्या एकाचाही आईला फोन नाही. पूर्वी ज्याला लिहिता येत नसे तो नाइलाजाने अंगठा उठवायचा. आपण पदव्या घेऊन अंगठेबहाद्दर झालो. वर पुन्हा 'आमच्या घरात किती जिव्हाळा आहे' हे सगळ्यांना दाखवायचं. कसला डोंबलाचा जिव्हाळा!

पुरे झाली थट्टा. दादा, हे तू फोनवरच वाचशील आणि बहुतेक अर्ध्यात सोडशील. इथवर आलाच असशील, तर अंगठा दाखवून पुढे सरकू नकोस. रात्री दोनला ती उशांना टेकून बसलेली असते. जाऊन बस तिच्याजवळ. फोन बाहेर ठेवून जा.