माडांचं भाट विकायचं नाही, किती वेळा सांगायचं?

"सर, मोपा विमानतळाजवळ प्लॉट, अगदी थोडे शिल्लक!" अहो, आम्ही इथलेच, गोव्यातल्या पेडण्याचे. आमच्याच गावचे डोंगर कापून आम्हालाच काय विकता? तो फोन ठेवला की दुसरा येतो: तुमचं भाट विकायचंय का? नाही! चवथीला सांगितलं, शिगम्यात सांगितलं, आजही तेच सांगतो.

१९०९ वर मेसेज पाठवून सगळ्या जाहिराती बंद करून ठेवल्यात. तरी फोन येतातच. नियमाप्रमाणे जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यायला हवेत. हे लोक साध्या मोबाइलवरून करतात, एक ब्लॉक केला की दुसऱ्यावरून. तक्रार करायची तर क्रमांक, तारीख, काय बोलले ते सगळं आपणच लिहून द्यायचं. पूर्वी त्यासाठी ३ दिवस मिळायचे, २०२५ च्या दुरुस्तीने ७ केले. म्हणजे त्रास त्यांनी द्यायचा आणि कारकुनी आम्ही करायची!

माझा खरा संताप आईपायी आहे. भाऊ बोटीवर असतो, कुठल्या बंदरातून कुठल्या नंबरावरून फोन करील याचा नेम नाही. म्हणून ती गुडघे दुखत असतानाही प्रत्येक फोनला धावते. अनोळखी नंबर उचलू नका, हा सल्ला तिला कोणत्या तोंडाने द्यायचा? धावत येते, "बाबू?" म्हणते, आणि पलीकडून कुणीतरी व्हिलाचे दर सांगायला लागतो.

जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आमचं नाव असतं, फोन नंबर नसतो. तो यांना दिला कुणी?