अठ्ठेचाळीस तास थांबून काय होणार?

‘साइट कधी उघडते, कधी नाही? घाबरू नका, डीएनएसचा प्रसार चालू आहे, ४८ तास थांबा. पिंग लागतोय म्हणजे सर्व्हर ठणठणीत आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना ८.८.८.८ टाकायला सांगा. आणि टीटीएल कायमचा ६० सेकंद करून ठेवा, पुन्हा त्रास नाही.’

स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) चालवणाऱ्यांच्या ग्रुपांवर हा मजकूर सतत फिरत असतो. मी हा सल्ला एकदा इमानेइतबारे पाळला. ४८ तासांचे ११ दिवस झाले.

आधी तो ‘प्रसार’. डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, आपण केलेला बदल कोणी जगभर वाटत फिरत नाही. रिझॉल्व्हर (वापरणाऱ्याच्या वतीनं पत्ता शोधणारा सर्व्हर) आपल्या नेमसर्व्हरला (आपल्या डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरला) विचारतो, उत्तरासोबत टीटीएल, म्हणजे उत्तराची मुदत, मिळतो, तेवढे सेकंद तो ते उत्तर जवळ ठेवतो आणि मुदत संपली की पुन्हा विचारतो. बस. ए रेकॉर्डचा (नावाचा आयपी पत्ता सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल ३६०० असेल तर बदलानंतर तासाभरात नीट वागणाऱ्या प्रत्येक रिझॉल्व्हरकडे नवा पत्ता असायला हवा. मग ४८ कुठून आले? डॉट कॉमच्या सर्व्हरांवर नेमसर्व्हरच्या नोंदींना १,७२,८०० सेकंदांचा टीटीएल असतो, म्हणजे बरोबर दोन दिवस. तुम्ही नेमसर्व्हरच बदलले असतील तर हा आकडा लागू. नुसता आयपी बदलला असेल तर त्याचा काही संबंध नाही.

एक उपप्रकार मात्र खरोखर छळतो. नवीन सबडोमेन तयार करण्याआधीच घाईनं ब्राउझरमध्ये टाकून पाहिलं, तर ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा कॅशमध्ये बसतं. ते किती वेळ राहणार हे एसओए रेकॉर्डच्या (डोमेनच्या नोंदींबद्दलच्या मुख्य नोंदीच्या) शेवटच्या आकड्यावर (किंवा एसओएचा स्वतःचा टीटीएल कमी असेल तर त्यावर) ठरतं. तिथे कुणाचं तरी बघून ८६४०० लिहिलेलं असेल, तर त्या रिझॉल्व्हरपुरता तुमचा दिवस गेला. याला प्रसार म्हणू नये, घाई म्हणावं.

आता माझे ११ दिवस. माझे दोन नेमसर्व्हर होते, एक मुख्य, एक दुय्यम. झोन फाइलमध्ये (डोमेनच्या नोंदींच्या फाइलमध्ये) बदल केला की एसओएमधलं सिरियल, म्हणजे आवृत्ती क्रमांक, वाढवायचं, दुय्यम ते मोठं सिरियल बघून नवी प्रत घेतो. सिरियल तारखेवरून लिहायची पद्धत. २०२४च्या जूनमध्ये मी कधीतरी २०२४च्या जागी २०४२ लिहिलं. दुय्यमनं निमूटपणे घेतलं. नोव्हेंबरमध्ये सर्व्हर हलवला, ए रेकॉर्ड बदलला, सिरियल या वेळी बरोबर लिहिलं: २०२४११०२०१. ते आधीच्यापेक्षा लहान, म्हणून दुय्यमनं दुर्लक्ष केलं. मुख्य सर्व्हर नवा पत्ता सांगत होता, दुय्यम जुना. जुना व्हीपीएस मी आठवड्याभरात बंद केला आणि ‘कधी उघडते, कधी नाही’ सुरू झालं. दुय्यमच्या लॉगमध्ये ‘आलेलं सिरियल आमच्यापेक्षा लहान आहे’ असं रोज लिहून येत होतं. वाचतो कोण?

अधूनमधून येणाऱ्या बिघाडात काळ गेला की बरं वाटेल ही अपेक्षाच चुकीची. पहिला प्रश्न ‘केव्हा’ नव्हे, ‘कोणाला विचारलं’ हा हवा. डिगला (डीएनएसला थेट प्रश्न विचारणाऱ्या कमांडला) +एनएसएसर्च लावून डोमेन दिलं की झोनचे सगळे नेमसर्व्हर आपापला एसओए दाखवतात. सिरियल जुळत नसेल तर चोर सापडला. सगळे जुळले तरी डिग +ट्रेस +ॲडिशनल करून वरचा, म्हणजे रजिस्ट्रीचा सर्व्हर कोणते नेमसर्व्हर आणि कोणते ग्लू पत्ते (रजिस्ट्रीत नोंदवलेले नेमसर्व्हरचे आयपी) देतोय ते बघा. नेमसर्व्हरचं नाव आपल्याच डोमेनखाली असेल आणि आयपी बदलल्यावर रजिस्ट्रारकडचा ग्लू बदलायचा राहिला असेल, तर अगदी हाच खेळ होतो.

पिंगचं थोडक्यात. पिंग, म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतंय का हे बघणारी कमांड, मशीनवरची होस्ट्स फाइल (नावं आणि पत्त्यांची स्थानिक यादी) वाचतो, मशीनवरची कॅश वापरतो आणि एकच पत्ता तपासतो. त्यातून नेमसर्व्हरबद्दल जवळजवळ काही कळत नाही. फायरवॉलमध्ये डीएनएसचा ५३ क्रमांकाचा पोर्ट फक्त यूडीपीसाठी उघडा असेल, तर छोटी उत्तरं जातात आणि मोठी, टीसीपीवर मागावी लागणारी उत्तरं अडकतात. डिग +टीसीपी करून बघा. क्वाड-ए रेकॉर्डमध्ये (आयपीव्ही६ पत्त्याच्या नोंदीत) जुना आयपीव्ही६ पत्ता राहिला असेल तर घरच्या ब्रॉडबँडवर सगळं छान आणि जिओच्या मोबाइलवर रखडपट्टी, असंही होतं.

शिवाय ‘सर्व्हर ठणठणीत’ म्हणताना आपण विसरतो की सर्व्हर स्वतःही डीएनएसचा गिऱ्हाईक असतो. पान मध्येच पाच सेकंद अडकून मग येत असेल, तर त्याच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमधला (कोणत्या रिझॉल्व्हरला विचारायचं ते सांगणाऱ्या फाइलमधला) पहिला पत्ता तपासा. लिनक्सवरच्या जीलिबसीमध्ये (मूळ सी लायब्ररीमध्ये) उत्तराची वाट बघण्याची ठरलेली मुदत ५ सेकंद आहे. पहिला पत्ता मेलेला असला की तेवढा वेळ जाऊन मगच दुसऱ्याकडे जायचं.

८.८.८.८चा सल्ला तर कधी उलटाच पडतो. गुगलचा हा रिझॉल्व्हर २०१३ पासून डीएनएसएसईसीच्या सह्या (उत्तर खरं असल्याची डिजिटल खूण) तपासतो. तुमच्या झोनच्या सह्यांची मुदत संपली असेल तर तो उत्तर द्यायला नकार देतो, आणि न तपासणाऱ्या रिझॉल्व्हरवर साइट मजेत चालते. डिगला +सीडी (सह्या तपासू नको) लावल्यावर उत्तर आलं आणि न लावता आलं नाही, तर सह्याच बघा. आणि समजा ८.८.८.८नं चाललंही, तरी येणाऱ्या प्रत्येकाला फोनची सेटिंग बदलायला सांगणार का?

टीटीएलचा सल्ला अर्धा बरोबर आहे. स्थलांतराआधी, जुन्या टीटीएलइतका तरी वेळ हाताशी ठेवून, तो कमी करावा. बदलानंतर कमी करून उपयोग नाही, ज्यांनी जुनं उत्तर साठवलंय ते जुन्याच मुदतीनं चालणार. आणि कायम ६० ठेवला तर नेमसर्व्हर दोन मिनिटं जरी झोपला तरी लगेच सगळ्यांना कळतं. माझा ३०० होता. त्यामुळे रिझॉल्व्हर दर पाच मिनिटांनी नव्यानं विचारत, कधी मुख्य सर्व्हर हाती लागे, कधी दुय्यम. म्हणूनच एकाच माणसाला सकाळी साइट दिसायची आणि चहा घेऊन येईपर्यंत गायब.

सिरियल मागे आणायची एक रीत आहे, मोठी उडी मारून आकडा पुन्हा शून्याकडून फिरवून आणायची. मला त्या वेळी धीर नव्हता. मी सरळ आहे त्याच मोठ्या आकड्यात एक मिळवला आणि दुय्यमनं मिनिटाभरात प्रत घेतली. माझ्या झोनमध्ये तेव्हापासून २०४२ साल चालू आहे.