डोळे दाखवायला गेलो होतो

२०२२ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. जिनिंगवर कापसाची गाडी खाली झाली होती, काटापावतीवर सही करायची होती. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. पेन हातात घेतला अन् हात असा कापायला लागला की पहिलं अक्षर म्हणजे कोंबडीचा पाय. मुनीमजींनी काही न बोलता शाईचं पॅड पुढे सरकवलं. "राहू द्या भाऊ, अंगठा मारा." मी बी.ए. झालेला माणूस. आमच्या आबाजींनी जन्मभर अंगठाच मारला, पण त्यांचा हात कधी कापला नाही.

तिथून सरळ टपरीमागं गेलो, पव्वा मारला. दहा मिनिटांत हात इतका स्थिर की अख्खी बाराखडी काढली असती.

तरी मी बेवडा नव्हतो, असं माझं ठाम मत. बेवडा म्हणजे जो नालीत पडतो. मी कधी पडलो नाही. बायकोवर हात उचलला नाही. (एकदा भरलं ताट फेकलं होतं, ते मी हिशोबात धरत नव्हतो.) आता कोणी म्हणेल, वर्धा जिल्ह्यात दारू मिळते कुठं? गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून इथं जवळपास पन्नास वर्षांपासून दारूबंदी आहे. मिळते, बाप्पा. मोहाची पन्नी मिळते, देशी मिळते, फोन लावला तर बांधावर आणून देतात. दूध आणायला मात्र आपल्यालाच जावं लागते.

माझी दारू सोडवायला किती जण लागले होते ते सांगतो. सासऱ्यांनी समजावलं. सरपंचांनी समजावलं. महाराजांनी गळ्यात माळ घातली, अकरा दिवस टिकली. बायकोनं बाजारातून एक पुडी आणली, 'न सांगता दारू सोडवा'वाली, अन् तीन महिने वरणात मिसळून मला खाऊ घातली. मला पत्ता नाही. नंतर डॉक्टरांना कळलं तेव्हा ते तिच्यावर भडकलेच. दारूची चीड आणणारी डायसल्फिराम नावाची खरी गोळी असते, पण ती माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं, तपासण्या करूनच देतात. ती पोटात असताना दारू प्याली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. आमच्या पुडीत काय होतं, देवाला ठाऊक.

शेवटी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. घेतली. अन् या वेळी खरंच पाळली, तिथंच घात झाला. दुसऱ्या दिवशी आंगणात दात खिळले, झटका आला. दवाखान्यात नेलं. तिसऱ्या रात्री वॉर्डात मला आमची मेलेली बैलजोडी दिसत होती, अन् मी खाटेवर बसून तिला हाकत होतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एका झटक्यात तोडली की मेंदू भडकतो, हे तिथं पहिल्यांदा ऐकलं. बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली, मेंदू शांत करणाऱ्या लिब्रियमच्या गोळ्या सुरू झाल्या अन् त्या रोज थोड्या थोड्या कमी केल्या. गावात मात्र बातमी काय पसरली? "सोडली म्हणून आजारी पडला. आंगाले लागलेली दारू सोडू नाही." म्हणून सांगतो, रोज सकाळी हात कापतो त्यानं शपथ घेऊन घरात कोंडून घेऊ नये, आधी डॉक्टर गाठावा.

सुट्टी देताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: समुपदेशन. मी मनात म्हटलं, घ्या, आणखी एक समजावणारा. त्या शब्दात उपदेश आहेच ना! उपदेश खाऊन खाऊन माझे कान किटले होते.

खोलीच्या बाहेर पाटी होती, 'मानसोपचार'. बाजूलाच डोळ्यांचा विभाग. मी डोळ्यांच्या बाकावर जाऊन बसलो. अन् नेमका गावचाच एक जण समोर. "काऊन बे, इकडं कसा?" म्हटलं, डोळे दाखवायले आलो. पुढचे दोन महिने तो भेटला की विचारायचा, "चष्मा लागला का?" गुडघ्यासाठी आपण नागपूरपर्यंत जातो, पण त्या पाटीखाली बसायला छाती लागते. येड्याचा डॉक्टर!

आत एक ताई होत्या, माझ्यापेक्षा वयानं लहान. पाऊण तासात त्यांनी एकदाही 'दारू वाईट' म्हटलं नाही. दहा प्रश्न विचारले: किती वेळा पिता, सकाळी उठल्याबरोबर लागते का, पिल्यावर काय झालं ते आठवत नाही असं होते का. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली आहे ती, ऑडिट म्हणतात. चाळीसपैकी गुण. आठ किंवा जास्त पडले की पिणं धोक्याचं, वीस किंवा जास्त पडले तर शरीर दारूवर अवलंबून असल्याची दाट शक्यता. मला २७. बी.ए.ला एवढ्या सहज गुण पडले नव्हते. मग त्यांनी विचारलं, "भाऊ, दारूनं तुम्हाला काय काय दिलं?" मी चाटच पडलो. दारूनं काय नेलं हे सगळ्यांनी सांगितलं होतं, काय दिलं हे कोणी विचारलं नव्हतं. मी झोप म्हणालो, गप्पा म्हणालो, अन् मग किती तरी वेळ बोलतच राहिलो. मरावंसं वाटते का, हेही त्यांनी सरळ विचारलं. मी हो म्हणालो. त्याच दिवशी बायकोला बोलावून फवारणीचं औषध गोठ्यातून काढून भावाकडे कुलपात ठेवायला लावलं.

आता वहीची गोष्ट, कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठी तीच. ताईंनी गेल्या दोन महिन्यांच्या पिण्याचा हिशोब लिहून आणायला सांगितला. वार, वेळ, कोणासोबत, किती, त्याआधी काय झालं. मी कापूस वेचणीच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर, एकीकडे उधारीच्या चिठ्ठ्या पाहून पाहून, लिहिलं. माझी पक्की समजूत होती की मी टेन्शननं पितो. कर्ज, बोंडअळी, सोयाबीनचा भाव. वही पाहतो तर सगळ्यात जास्त दारू मंगळवारी. मंगळवार आमचा बाजार. खिशात पैसे, सोबत तीच चार माणसं, तोच मुर्रा-फुटाणा. बँकेची नोटीस आली त्या दिवशी मी उलट कमी प्यालो होतो! टेन्शन खोटं होतं असं नाही. पण शेतकरी दु:खानं पितो, हे आपण भाषणात ऐकून ऐकून इतकं पाठ केलं आहे की पिणाऱ्यालाही ते सोयीचं पडते. मला फार सोयीचं होतं.

म्हणून पहिलं काम निघालं मंगळवारचं. बाजार सकाळी करायचा, पैसे बायकोजवळ. अन् 'नाही' म्हणायची तालीम, खोलीतच. ताई माझा दोस्त झाल्या. "घे ना बे, एकानं काय होते?" त्यांचं ते 'बे' इतकं शहरी होतं की मी हसून हसून बेजार. पण चौथ्या वेळी तोंडातून न अडखळता निघालं, "गोळ्या चालू आहे, जमत नाही." बायकोलाही दोनदा वेगळं बोलावलं. तिथं ती काय बोलली मला माहीत नाही, विचारलंही नाही. त्यानंतर तिनं माझं तोंड हुंगणं सोडलं, एवढं खरं.

पाच महिने गेले, अन् पोळ्याला मी प्यालो. बैल धुऊन, खांदे शेकून, तोरणाखाली जोडी उभी होती, पुतण्यानं गिलास पुढे केला अन् गोळ्या-बिळ्या सगळं विसरलो. घरी बोलणं बंद. ताईंकडे मान खाली घालून गेलो. त्यांनी वही उघडली अन् विचारलं, "किती वाजता? त्याआधी काय चाललं होतं?" दोन दिवसांत थांबलो होतो, तेही त्यांनी लिहून घेतलं. आधी घसरलो की महिनाभर वर येत नव्हतो.

या समुपदेशनात जादू नाही, म्हणूनच मला त्याचा भरवसा वाटतो. गोव्यात याची रीतसर चाचणी झाली आहे. थोडं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या, तर तीन महिन्यांनी शंभरातले ३६ जण धोकादायक पिण्यातून बाहेर आले होते. बैठका न मिळालेल्यांत २६. शंभरात दहाच जास्त, पण ती दहा घरं आहेत. आमच्या शेजारी अमरावती जिल्ह्यात तीस गावांत 'विश्राम' नावानं असंच काम गावातल्याच माणसांना शिकवून झालं. गडचिरोलीत 'मुक्तिपथ'वाले गावात दारू सोडवायची शिबिरं घेतात.

अन् बाकी ठिकाणी? दारूबंदीवर आपण केवढे भांडलो. गडचिरोलीत १९९३ ला झाली. चंद्रपूरला २०१५ मध्ये झाली, २०२१ मध्ये उठली. दोन्ही वेळा मोर्चे, दोन्ही वेळा फटाके. बंदी असावी की नाही यावर माझ्याशी वाद घालू नका. गावातल्या बायकांनी भट्ट्या फोडल्या, त्यात माझी बायको होती, मला तिचा अभिमान आहे. पण बंदी असो की उठो, ज्याचा हात सकाळी कापतो त्यानं कुठं जावं, यासाठी एक तरी मोर्चा निघाला का? २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या सर्वेक्षणाचा अहवाल आला, एम्सनं केलेलं सर्वेक्षण. दारूच्या व्यसनात अडकलेल्या ३८ जणांत एकाला काही ना काही उपचार मिळाला होता. मी तो एक. अन् मलाही पुरता नाही मिळाला. ताईंचं कंत्राट संपलं, चार महिने ती खुर्ची रिकामी होती. ते चार महिने मी दारू सोडणाऱ्यांच्याच गटाच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीवर काढले. तिथं फी नाही, आडनाव विचारत नाहीत. तिथं जातपात नाही, ते त्यामुळंच असावं, असं माझं मत.

कोणाला घरून निघताच येत नसेल तर १४४१६ लावा. टेली-मानस म्हणतात, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. फक्त व्यसनासाठी १४४४६ आहे. रात्री छपरीत बसून बोललं तरी चालते.

अन् आमच्या पट्ट्यातला कोणी असेल तर मेसेज करा. मी अजूनही महिन्यातून एकदा जातो, एसटीनं, सकाळच्या गाडीनं. सोबत येतो. घरी सांगा, डोळे दाखवायले चाललो.